रक्तात यकृताचा कौल शोधणाऱ्या शीला शेरलॉक

कावीळ विकोपाला जाऊन यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांचा डॉक्टरांना एकच प्रश्न असतो : रुग्ण वाचेल का? आज या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी डॉक्टर रक्ताचा अहवाल हाती घेतात. रक्त गोठायला किती सेकंद लागले, बिलिरुबिन कुठवर चढले, क्रिएटिनिन किती झाले, रक्तातील आम्लता वाढली का, या आकड्यांवरून रुग्ण औषधोपचारांवर तग धरेल की प्रत्यारोपणासाठी तातडीने हालचाल करावी लागेल, याचा अंदाज बांधला जातो. १९४०च्या दशकाच्या आरंभी असा अंदाज बांधण्याचे कोणतेही खात्रीचे साधन वैद्यकशास्त्राकडे नव्हते. यकृताची नेमकी काय अवस्था झाली होती, हे बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावरच उमगत असे आणि तेव्हा त्या ज्ञानाचा रुग्णाला काहीच उपयोग उरलेला नसे.

हे ज्ञान शवागारातून रुग्णाच्या खाटेपाशी आणणाऱ्यांमध्ये डॉ. शीला शेरलॉक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ब्रिटनमधील वैद्यकशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक म्हणून त्यांची नोंद आहेच. पण यकृतविज्ञान ही स्वतंत्र वैद्यकीय शाखा म्हणून उभी राहिली, त्यात त्यांचा वाटा कुणाहूनही कमी नाही. आज अतिदक्षता विभागांत वापरले जाणारे निकष त्यांनी स्वतः तयार केलेले नाहीत. ते त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी आणि इतरांनी पुढे घडवले. मात्र रक्तातील कोणता आकडा यकृताविषयी खरे सांगतो आणि कोणता दिशाभूल करतो, हे प्रत्यक्ष यकृताच्या तुकड्याशी ताडून पाहण्याची शिस्त रुजवली ती शेरलॉक यांच्यासारख्या मोजक्या संशोधकांनी.

शीला पॅट्रिशिया व्हायोलेट शेरलॉक यांचा जन्म ३१ मार्च १९१८ रोजी डब्लिन येथे झाला. वडील लष्करात होते. त्या लहान असतानाच कुटुंब इंग्लंडला आले आणि शीला यांचे शालेय शिक्षण केंट परगण्यातील फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी झाले. डॉक्टर व्हायचे त्यांनी ठरवले खरे. पण १९३०च्या दशकातील लंडनमध्ये मुलींसाठी वैद्यकीय महाविद्यालयांची दारे जेमतेम किलकिली झालेली होती. अनेक महाविद्यालयांकडून नकार पदरी पडल्यानंतर १९३६मध्ये त्यांना एडिंबरा विद्यापीठात प्रवेश मिळाला. ज्यांनी त्यांना नाकारले, त्यांना आपल्या निर्णयाचा पश्चात्ताप व्हावा, असाच पुढचा इतिहास आहे. १९४१मध्ये त्या वर्गात पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. विद्यापीठाच्या टेनिस संघातही त्या खेळल्या.

पहिला क्रमांक मिळाला, तरी त्या काळात स्त्री डॉक्टरला रुग्णालयात उमेदवारीची जागा सहजासहजी मिळत नसे. शल्यविशारद जेम्स लिअरमंथ यांनी त्यांना आपल्या विभागात साहाय्यक म्हणून घेतले. संशोधन कसे करावे आणि शोधनिबंध कसा लिहावा, याचे पहिले धडे त्यांना तेथे मिळाले. १९४२मध्ये त्या लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात, जॉन मॅकमायकेल यांच्या हाताखाली रुजू झाल्या. मॅकमायकेल हेही एडिंबरातूनच आलेले. त्यांना यकृताच्या रक्ताभिसरणात रस होता आणि त्या वेळी काविळीचा प्रश्न थेट युद्धाशी जोडला गेला होता.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांमध्ये काविळीच्या साथी पसरल्या होत्या. त्याखेरीज उपदंशासाठी आर्सेनिकयुक्त इंजेक्शने घेणाऱ्या सैनिकांना कावीळ होत होती. नीट निर्जंतुक न केलेल्या पिचकाऱ्या एकामागून एक अनेकांसाठी वापरल्या जात, हे त्याचे कारण असल्याचे नंतर स्पष्ट झाले. मानवी रक्तद्रव वापरून केलेल्या लशींमुळेही कावीळ झाल्याची उदाहरणे होती. शेकडो माणसे पिवळी पडत होती, पण त्यांच्या यकृतात काय घडते आहे, हे पाहायचे कसे? या काविळीत पित्तनलिकेच्या तोंडाशी चिकट स्रावाचा बोळा अडकतो आणि पित्त तुंबते, ही एकोणिसाव्या शतकातील समजूत तेव्हाही पुरती मावळलेली नव्हती. बहुतेक रुग्ण बरे होत असल्याने शवविच्छेदनातून ती तपासताही येत नव्हती.

कोपनहेगनमधील इव्हर्सन आणि रोहोल्म या संशोधकांनी १९३९मध्ये यकृतात पोकळ सुई घालून त्याचा बारीकसा तुकडा ओढून काढण्याचे तंत्र प्रसिद्ध केले होते. हॅमरस्मिथमध्ये ते अवलंबले गेले. रुग्णाला उताणे निजवून, श्वास रोखून धरायला सांगून, उजव्या बरगड्यांच्या मधून सुई आत जात असे. काम क्षणाचे, पण जोखमीचे. विकृतिशास्त्रज्ञ डिबल, मॅकमायकेल आणि शेरलॉक यांचा या तुकड्यांवरील निबंध १९४३मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साथीची कावीळ, आर्सेनिक इंजेक्शनांनंतरची कावीळ आणि रक्तद्रवातून आलेली कावीळ या तिन्हींमध्ये दोष नलिकेत नसून यकृताच्या पेशीच सुजतात व मरतात, असे त्यातून दिसून आले. तीन कारणांच्या काविळीत सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र सारखेच होते.

या सुईनेच शेरलॉक यांना रक्ताकडे वळवले, असे म्हणता येईल. यकृताला टोचायचे तर रक्तस्रावाची भीती मोठी. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने यकृतातच बनतात, त्यामुळे यकृत जितके आजारी तितका रक्तस्राव थांबणे कठीण. म्हणून सुई घालण्याआधी रक्त गोठण्याचा वेळ मोजणे भाग होते. अमेरिकेतील आर्मंड क्विक यांनी १९३५मध्ये त्यासाठी प्रोथ्रॉम्बिन टाइम ही चाचणी दिली होती. सुरक्षिततेसाठी केलेली ही मोजणी पुढे रुग्णाचे भवितव्य वर्तवणारी सर्वांत महत्त्वाची खूण ठरली.

१९४५मध्ये यकृताच्या या सुई-तपासणीवरील प्रबंधासाठी एडिंबरा विद्यापीठाने त्यांना एमडी पदवी आणि सुवर्णपदक दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी एक निबंध लिहिला. त्याची चर्चा फारशी होत नाही, पण आजच्या विषयाच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. रक्ताच्या जैवरासायनिक चाचण्या एका बाजूला आणि त्याच रुग्णाच्या यकृताचा तुकडा दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांनी दोन्हींचा मेळ घालून पाहिला. तोपर्यंत चाचण्या होत्या, परंतु त्या कितपत खऱ्या हे ठरवायला साक्षीदार नव्हता. सुईने तो साक्षीदार पुरवला.

हे ताडून पाहणे किती आवश्यक होते, हे एकेका चाचणीकडे पाहिल्यावर लक्षात येते. बिलिरुबिनचेच घ्या. डोळे पिवळेधमक झालेला रुग्ण सर्वाधिक धोक्यात, असे कुणालाही वाटेल. परंतु पित्तनलिकेत खडा अडकला तर बिलिरुबिन भरमसाट वाढते आणि यकृताच्या पेशी तरीही बऱ्याच अंशी शाबूत असू शकतात. उलट यकृत काही दिवसांतच कोसळते, तेव्हा त्वचा पुरती पिवळी पडण्याआधीच रुग्ण बेशुद्ध होतो. अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच बनवते, म्हणून ते कमी झाले की यकृत थकले असे मानावे, तर अल्ब्युमिनचे अर्धे आयुष्य सुमारे वीस दिवसांचे असते. आज यकृताने काम थांबवले तरी रक्तातले जुने अल्ब्युमिन कित्येक दिवस सारे आलबेल असल्याचे भासवत राहते. दीर्घकालीन सिऱ्होसिसमध्ये हा आकडा उपयोगी, तातडीच्या संकटात तो कामाचा नाही.

१९५०च्या दशकात यकृतपेशींतून झिरपणाऱ्या ट्रान्सअमिनेज विकरांची मोजणी सुरू झाली. पेशी मरू लागल्या की हे आकडे हजारांत जातात. पण ते खाली येऊ लागले म्हणजे रुग्ण सुधारला, असे समजणे घातक ठरू शकते. कधी कधी झिरपायला पेशीच उरलेल्या नसतात, म्हणून आकडा उतरतो. घरचे लोक अहवाल पाहून सुटकेचा निःश्वास टाकतात आणि डॉक्टरांच्या कपाळावर मात्र आठी पडते, ती यामुळे.

रक्त गोठण्याच्या वेळेचे तसे नाही. गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी सातव्या क्रमांकाच्या घटकाचे अर्धे आयुष्य अवघ्या काही तासांचे असते. यकृताने आज काम केले की नाही, हे उद्याच्या चाचणीत उमटते. त्यातही एक खुबी आहे. पित्त आतड्यात न उतरल्याने के जीवनसत्त्व शोषले जात नसेल, तरीही ही वेळ लांबते. अशा रुग्णाला के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले की वेळ पूर्ववत होते. इंजेक्शननंतरही ती हटत नसेल, तर दोष पेशींमध्येच आहे असे समजावे.

युद्धानंतर रॉकफेलर शिष्यवृत्तीवर शेरलॉक वर्षभर अमेरिकेत येल विद्यापीठात होत्या. १९४८मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्या हॅमरस्मिथमध्ये अध्यापक व सल्लागार डॉक्टर झाल्या. १९५१मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्यांना फेलो केले, तेव्हा तो मान मिळवणाऱ्या त्या सर्वांत तरुण महिला होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉ. जेरेंट जेम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सारकॉयडोसिस या विकाराचे तज्ज्ञ म्हणून जेम्स यांचाही लौकिक मोठा होता. या दाम्पत्याला दोन मुली झाल्या. १९५५मध्ये यकृत व पित्तमार्गाच्या आजारांवरील शेरलॉक यांचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्यांनी एकटीने लिहिले होते आणि पुढील चार दशके त्या नव्या आवृत्त्यांसाठी ते स्वतः सुधारत राहिल्या. नंतर जेम्स डूली त्यांच्या जोडीला आले. जगभरच्या डॉक्टरांच्या पिढ्या या ग्रंथावर वाढल्या.

हॅमरस्मिथच्या काळातील त्यांचे आणखी एक काम यकृत आणि मेंदू यांच्या नात्याविषयीचे. यकृताचे रुग्ण आधी चिडचिडे होतात, झोपेचे चक्र उलटते, हात थरथरतात, मग ग्लानी आणि शेवटी बेशुद्धी येते. आतड्यातून येणारे नत्रयुक्त पदार्थ यकृतात न गाळता परस्पर मेंदूपर्यंत पोचतात आणि हा प्रकार घडतो, हे शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४च्या निबंधात मांडले. आहारातील प्रथिने कमी करणे आणि आतड्यातील जंतूंना आवरणारी प्रतिजैविके देणे हे उपचार त्यातून रुळले. प्रथिने कमी करण्याचा सल्ला पुढे मागे पडला, कारण त्याने रुग्णांची कुपोषणाने अधिक हानी होते असे दिसून आले. मेंदूवरील परिणामाची पायरी मात्र आजही भवितव्याच्या प्रत्येक अंदाजात रक्ताच्या आकड्यांशेजारी मांडली जाते.

या कामाला एक काळी किनारही आहे आणि ती झाकणे उचित होणार नाही. कोणत्या पदार्थाने ग्लानी येते हे जाणून घेण्यासाठी यकृताच्या रुग्णांना ते पदार्थ देऊन पाहिले गेले होते. मॉरिस पॅपवर्थ या लंडनच्या डॉक्टरांनी १९६७मध्ये ‘ह्यूमन गिनी पिग्ज’ हे पुस्तक लिहून रुग्णांवरील अशा प्रयोगांवर कठोर टीका केली, तेव्हा हॅमरस्मिथमधील संशोधन त्यांच्या रोखात होते. प्रयोगाविषयी रुग्णाला पुरते सांगून त्याची संमती घेण्याचा दंडक त्या काळी आजच्यासारखा नव्हता. काळाचा तो सर्वसाधारण दोष होता, असे म्हणता येते. पण ज्यांच्यावर प्रयोग झाले ते रुग्ण अत्यवस्थ होते, हेही खरेच.

१९५९मध्ये शेरलॉक रॉयल फ्री रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. ब्रिटनमध्ये या पदावर तोवर एकही महिला बसली नव्हती. ज्या लंडनने तेवीस वर्षांपूर्वी त्यांना विद्यार्थिनी म्हणूनही नाकारले, त्याच लंडनमध्ये हे घडले. रॉयल फ्री हे त्यासाठी योग्यच ठिकाण होते, कारण एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये वैद्यकीय विद्यार्थिनींना रुग्णशय्येपाशी शिकण्याची मुभा प्रथम दिली ती याच रुग्णालयाने. नव्या यकृत विभागाला मात्र जागा मिळाली ती ग्रेज इन रोडवरील इमारतीच्या छतावर, तात्पुरत्या उभारलेल्या बांधकामात. देशोदेशीचे तरुण डॉक्टर तेथे शिकायला येऊ लागले. शेरलॉक यांची रुग्णफेरी वेगवान असे, प्रश्न थेट असत आणि तयारी न करता आलेल्याची गय होत नसे. विद्यार्थ्यांना त्यांची धास्ती वाटे. त्याच विद्यार्थ्यांना पुढे जगभर मोठ्या जागा मिळाल्या.

छतावरील या विभागातून आलेले काही निष्कर्ष केवळ रक्ताच्या जोरावर रुग्णांना शस्त्रक्रियेपासून वाचवणारे होते. प्रायमरी बिलियरी सिऱ्होसिस या नावाने तेव्हा ओळखला जाणारा आजार बहुतांशी मध्यमवयीन स्त्रियांना होतो. त्यात यकृताच्या आतील बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट होतात. बाहेरच्या मोठ्या नलिकेत अडथळा आहे की काय, या शंकेने अशा स्त्रियांचे पोट उघडून पाहावे लागे आणि आधीच आजारी यकृतावर त्या शस्त्रक्रियेचा ताण पडे. १९६५मध्ये जेफ्री वॉकर, डेबोरा डोनिएक, आयव्हन रॉइट आणि शेरलॉक यांनी दाखवून दिले, की या रुग्णांच्या रक्तात मायटोकॉन्ड्रियाविरुद्ध प्रतिपिंडे असतात. रक्ताचा नमुना तपासला की निदान होऊ लागले. १९७०मध्ये रॉयल फ्रीच्या चमूने ऑस्ट्रेलिया अँटिजेन, म्हणजे हिपॅटायटिस बीची रक्तातील खूण, दीर्घकालीन यकृतविकार आणि यकृताचा कर्करोग असलेल्या रुग्णांत आढळल्याचे नोंदवले. पुढच्या वर्षी दीर्घकालीन सक्रिय हिपॅटायटिसवर प्रेडनिसोलोनच्या चाचणीचे निष्कर्ष आले. औषध मिळालेल्या २२ रुग्णांपैकी ३ दगावले, न मिळालेल्या २७ पैकी १५. अशा चाचण्यांमुळे यकृताच्या रुग्णाला पथ्य आणि विश्रांती यांपलीकडे काही देता येते, हा विश्वास आला.

रॉयल फ्रीमध्ये शेरलॉक यांच्या हाताखाली घडलेल्यांत रॉजर विल्यम्स हे एक होते. १९६६मध्ये त्यांनी लंडनच्याच किंग्ज कॉलेज रुग्णालयात स्वतःचा यकृत विभाग सुरू केला आणि दोन्ही विभागांत वर्षानुवर्षे चुरस राहिली. रुग्णांना ती लाभदायकच ठरली. १९७३मध्ये किंग्ज कॉलेजच्या प्यू आणि सहकाऱ्यांनी चाइल्ड व टर्कॉट यांची १९६४ची श्रेणीपद्धत सुधारली आणि त्यात पोषणाच्या मोघम निकषाऐवजी प्रोथ्रॉम्बिन टाइम घातला. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, जलोदर, मेंदूवरील परिणाम आणि गोठण्याची वेळ या पाच बाबींचे गुण मिळून सिऱ्होसिसच्या रुग्णाचा धोका ठरू लागला.

यकृत अकस्मात निकामी झालेल्या रुग्णांसाठी मात्र ही पद्धत पुरेशी नव्हती. प्रत्यारोपणाची सोय होईपर्यंत हा प्रश्न तसा शास्त्रीय कुतूहलाचाच होता. १९८०च्या दशकात प्रत्यारोपण व्यवहार्य होताच त्याला धार आली. जो आपोआप बरा झाला असता त्याचे यकृत काढून टाकले, तर माणसाला जन्मभर औषधांच्या ओझ्याखाली ढकलल्यासारखे होते. आणि जो वाचणार नव्हता त्याच्यासाठी वाट पाहत बसले, तर वेळ निघून जाते. निर्णयाला कधी एखाद-दुसरा दिवसच मिळतो. १९८९मध्ये ओग्रेडी, विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी ५८८ रुग्णांच्या नोंदींवरून किंग्ज कॉलेजचे निकष मांडले. पॅरासिटामॉलच्या अतिसेवनाने यकृत गेलेल्यांत धमनीतील रक्ताचा पीएच ७.३च्या खाली असेल, किंवा प्रोथ्रॉम्बिन टाइम १०० सेकंदांच्या वर, क्रिएटिनिन ३०० मायक्रोमोलच्या वर आणि जोडीला गाढ ग्लानी असेल, तर प्रत्यारोपणाविना वाचण्याची शक्यता फार थोडी. इतर कारणांसाठी १०० सेकंदांची एक अट स्वतंत्र. अन्यथा वय, आजाराचे कारण, कावीळ व ग्लानी यांतील अंतर, बिलिरुबिन आणि ५० सेकंदांवरील गोठण्याची वेळ यांपैकी कोणत्याही तीन.

हे निकष पूर्ण करणाऱ्यांचे भाकीत बहुधा खरे ठरते; पूर्ण न करणारेही काही दगावतात, हा त्यांचा उणेपणा. शिवाय रक्तस्राव नसताना केवळ आकडा सुधारावा म्हणून प्लाझ्मा चढवला, तर गोठण्याची वेळ वरवर उतरते आणि डॉक्टरांचा एकमेव भरवशाचा मार्गदर्शक हरवतो. म्हणून ती सुधारण्याची घाई जाणते डॉक्टर करत नाहीत.

रॉयल फ्री १९७४मध्ये हॅम्पस्टेडच्या नव्या इमारतीत गेले आणि यकृत विभाग छतावरून खाली आला. १९७८मध्ये शेरलॉक यांना डेम हा किताब मिळाला. १९८३मध्ये त्या विभागप्रमुखपदावरून निवृत्त झाल्या, तरी रुग्ण पाहणे, लिहिणे आणि देशोदेशी व्याख्याने देणे थांबले नाही. सहाशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत. रॉयल सोसायटीची फेलोशिप त्यांना मिळाली ती २००१मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी. इतक्या उशिरा आलेल्या या सन्मानाविषयी काय म्हणावे, हे त्या सोसायटीनेच ठरवावे.

फुप्फुसाच्या फायब्रोसिसने त्यांना ग्रासले होते. विवाहाचा सुवर्णमहोत्सव होऊन दोन आठवडे होतात तोच, ३० डिसेंबर २००१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. रॉयल फ्रीमधील यकृत केंद्राला आज त्यांचे नाव आहे.

पुढच्या दोनच महिन्यांत, फेब्रुवारी २००२मध्ये, या विषयातील दोन घटना घडल्या. किंग्ज कॉलेजच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉलच्या रुग्णांसाठी रक्तातील लॅक्टेट ही आणखी एक, लवकर कळणारी खूण लॅन्सेटमध्ये मांडली. आणि अमेरिकेत सिऱ्होसिसच्या प्रौढ रुग्णांना प्रत्यारोपणासाठी यकृत देताना कोण किती काळ रांगेत उभा आहे, हे पाहण्याऐवजी मेल्ड हा गुणांक पाहण्यास सुरुवात झाली. त्यासाठी रक्ताच्या तीन चाचण्या लागत होत्या : बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर या प्रमाणित रूपात मांडलेला प्रोथ्रॉम्बिन टाइम.